युद्धकाळातील शालान्त वर्ग : थट्टा, आठवणी आणि भविष्यकथन
(इंदापूर–बारामती परिसराच्या विशेष संदर्भात)

गोषवारा : शाळा सोडून जाणाऱ्या वर्गाने एकमेकांची थट्टा करावी, जुन्या खोड्या आठवाव्यात आणि प्रत्येकाचे विनोदी भविष्य वर्तवावे, ही प्रथा अनेक देशांत आढळते. अमेरिकेत तिला वार्षिकांकात मानाचे पान मिळाले. मराठी शाळा-महाविद्यालयांत ती शेलापागोटे, हस्तलिखित आणि निरोप समारंभ या रूपांनी वावरली. ज्या वर्षी देश युद्धात असतो, त्या वर्षी या निरागस खेळाचे काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजसंज्ञा : शालान्त वर्ग, शेलापागोटे, निरोप समारंभ, हस्तलिखित, युद्धकाळ, दुष्काळ, ग्रामीण शिक्षण.

प्रास्ताविक

फेब्रुवारी महिना संपत आला की माध्यमिक शाळांतून निरोप समारंभ होतात. सतरंज्या अंथरल्या जातात, सरस्वतीच्या तसबिरीला हार घातला जातो, मुख्याध्यापक आयुष्याविषयी आणि वर्गशिक्षक परीक्षेविषयी उपदेश करतात, एक हुशार विद्यार्थी आधीच पाठ केलेले 'उत्स्फूर्त' भाषण म्हणतो, चिवडा-पेढे वाटले जातात आणि सर्वांचे एकत्र छायाचित्र निघते. समारंभाचा हा अधिकृत भाग होय. अभ्यासकाचे कुतूहल जागे व्हावे असा भाग त्यानंतर सुरू होतो. मुख्याध्यापक कामानिमित्त कार्यालयात जातात (हे काम दर वर्षी नेमके त्याच वेळी निघते), आणि एका डब्यातून घड्या घातलेल्या चिठ्ठ्या बाहेर येऊ लागतात. कोणाच्या चालण्याची, कोणाच्या गणिताची, कोणाच्या चोरून खाल्लेल्या चिंचांची नोंद त्यांत असते. आणि 'वीस वर्षांनंतर हा कोण होईल' याचे भाकीतही असते.

या चिठ्ठ्यांकडे आपण आजवर गंमत म्हणून पाहिले. गंमत म्हणून त्या आहेतच. परंतु सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी आपल्या भविष्याविषयी मोकळेपणाने केलेले ते बहुधा एकमेव लिखित विधान असते. 'मी कोण होणार' या निबंधात मूल शिक्षकाला हवे ते लिहिते. चिठ्ठीत त्याचा मित्र त्याच्याविषयी खरे वाटते ते लिहितो. म्हणूनच ज्या वर्षी 'पुढे काय' या प्रश्नाला देशाजवळच उत्तर नसते, त्या वर्षीच्या चिठ्ठ्या विशेष लक्षपूर्वक वाचावयास हव्यात.

परंपरेची दोन घराणी

अमेरिकेतील उच्च माध्यमिक शाळांत पदवीदानाच्या सुमारास वर्गाचा इतिहास, वर्गाचे मृत्युपत्र आणि वर्गाची भविष्यवाणी असे तीन विनोदी लेख वाचण्याची व वार्षिकांकात छापण्याची पद्धत होती. मृत्युपत्रात जाणारा विद्यार्थी आपली एखादी 'मालमत्ता', म्हणजे उशिरा येण्याचे कौशल्य, मागचा बाक, शिक्षकाची नाराजी, खालच्या वर्गातील कोणाच्या तरी नावे करतो. भविष्यवाणी बहुधा एखाद्या स्वप्नाच्या, काचगोळ्याच्या किंवा वीस वर्षांनंतरच्या वर्तमानपत्राच्या मिषाने लिहिली जाते. दुसऱ्या महायुद्धात हा खेळ एकाएकी अवघड झाला. नोव्हेंबर १९४२ मध्ये अमेरिकेने सक्तीच्या सैन्यभरतीचे वय अठरापर्यंत खाली आणले. परिणामी जे मुलगे उन्हाळ्यात शाळा सोडत, त्यांच्यापैकी अनेकांचे पुढील दोन-तीन वर्षांचे भविष्य सरकारने आधीच लिहून ठेवलेले असे. तरीही वार्षिकांक निघत राहिले. जपानी वंशाच्या नागरिकांना ज्या छावण्यांत डांबले होते, त्यांतील मान्झानार येथील शाळेच्या विद्यार्थ्यांनीदेखील १९४४ मध्ये आपला वार्षिकांक काढला आणि त्याला 'आमचे जग' या अर्थाचे नाव दिले. काटेरी तारेच्या आत बसून निवडलेले ते नाव उपरोधाने वाचावे की सरळ अर्थाने, हे वाचकाने ठरवावे.

मराठी घराणे याहून निराळे, आणि माझ्या मते अधिक जुने आहे. 'शेलापागोटे' हा शब्दच पाहावा. शेला आणि पागोटे देऊन गुणीजनांचा सत्कार करावयाचा, ही दरबारी रीत. तिचा उलटा उपयोग करून, सत्काराच्या आविर्भावात टोपी उडवावयाची, ही महाविद्यालयीन रीत. 'फिशपाँड' हा त्याचा इंग्रजी जोडीदार, पडद्याआड गळ टाकून बक्षीस बाहेर काढण्याच्या इंग्रजी जत्रांतील खेळावरून आलेला असावा. गळाला काय लागेल हे खेळणाऱ्यास ठाऊक नसते, तसेच आपल्या वाट्याला कोणती ओळ येईल हे श्रोत्यास ठाऊक नसते. या नावाखाली महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत चाललेला प्रकार पुढे शाळांच्या निरोप समारंभांत उतरला.

विनोदी भविष्यकथनाची मुळे मात्र महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर शोधावी लागतात. कुडमुडे वाजवीत येणारा जोशी, पहाटे झाडावरून होरा सांगणारा पिंगळा, प्रत्येक प्रश्नाला मान डोलावणारा नंदीबैल ही आपल्या गावगाड्यातील भविष्याची खाती होत. संत एकनाथांनी जोशी, पिंगळा, वासुदेव यांची सोंगे भारुडांत घेतली आणि भविष्य सांगण्याच्या मिषाने श्रोत्यांच्या वर्तमानावर बोट ठेवले. निमगाव केतकी हे संत तुकाराम महाराजांच्या पालखीच्या वाटेवरील गाव आहे. सणसर, अंथुर्णे या बाजूने येणारा सोहळा येथे थांबून इंदापूरकडे जातो. ज्या गावातील मुलांच्या कानांवर दर आषाढात भारूड पडते, त्यांना 'थट्टेतून भविष्य' ही कल्पना अमेरिकेतून आणावी लागत नाही. विदर्भात भेंडवळच्या घटमांडणीत पाऊस-पिकांच्या जोडीने राजा, रोगराई आणि परकीय शत्रू यांविषयीही भाकीत केले जाते. पीकपाणी आणि युद्ध एकाच घटाभोवती मांडण्याची ही रीत पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सत्तावीस सालची मुले

युद्धकाळातील वर्ग म्हणजे काय, हे आकड्यांपेक्षा माणसांवरून लवकर कळते. १९२७ च्या आसपास जन्मलेली तीन मराठी मुले घेऊ. ती एका शाळेत नव्हती. परंतु वयाने एकाच इयत्तेची होती. १९४२ मध्ये तिघेही पंधरा वर्षांच्या आतबाहेर होते.

पहिला नंदुरबारचा शिरीषकुमार मेहता. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात तो आणि त्याचे बालसोबती मरण पावले. त्याच्या वर्गाचा निरोप समारंभ झाला असेल तर तो त्याच्यावाचून झाला. दुसरा माणदेशातील माडगूळचा व्यंकटेश माडगूळकर. बेचाळीसच्या चळवळीत त्याने शाळा सोडली आणि पुन्हा तिकडे फिरकला नाही. तिसरा अकलूज येथे, म्हणजे निमगाव केतकीहून नीरा ओलांडली की लागणाऱ्या मुलखात, जन्मलेला दत्ताराम मारुती मिरासदार. त्याने पंढरपूर व पुणे येथे शिक्षण पूर्ण केले, अध्यापकाचा पेशा पत्करला आणि मास्तर, परीक्षा, शिकवणी, नापास मुले यांवर उभ्या महाराष्ट्राला हसविले.

आता या तिघांचे भविष्य वर्तविण्याचे काम १९४१ च्या एखाद्या वर्गमित्राकडे दिले असते तर? पहिल्यास त्याने व्यापारी केले असते, कारण घर व्यापाऱ्याचे. दुसऱ्याने शाळा सोडल्यावर त्याचे नावच यादीतून गळले असते. आणि तिसऱ्याच्या भविष्यात 'मास्तर' हा शब्द शिवी म्हणून आला असता. प्रत्यक्षात दुसरा १९८३ मध्ये अंबाजोगाईच्या आणि तिसरा १९९८ मध्ये परळीच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. माडगूळकरांचे वडीलबंधू ग. दि. माडगूळकर हे तर युद्धापूर्वीच मॅट्रिकच्या परीक्षेत गणितापाशी अडखळलेले. त्यांनाही १९७३ मध्ये यवतमाळच्या संमेलनाचे अध्यक्षपद लाभले. मॅट्रिक न झालेल्या दोघा भावांनी आणि एका शिक्षकाने संमेलनाची तीन अध्यक्षपदे भूषवावीत, हे भाकीत कोणत्याही वर्गाने केले नसते. केले असते तर ते सर्वांत मोठ्या हशाचे ठरले असते.

मिरासदारांच्या लेखनाचा येथे आणखी एका कारणाने विचार करावा लागतो. महायुद्धाच्या वर्षांत कागद महाग आणि दुर्मिळ झाला होता, धान्याला नियंत्रण आले होते, रॉकेलसाठी रांगा लागत होत्या. ज्या मुलांचे माध्यमिक शिक्षण त्या टंचाईत झाले, त्यांच्या पुढच्या काळातील विनोदात टंचाई क्वचितच तक्रार म्हणून येते. ती पात्रांची परिस्थिती म्हणून येते, आणि हसू येते ते त्या परिस्थितीतून सुटण्याच्या खटपटीचे. विनोदी आठवणींचा हा विशेष आहे. प्रसंग घडताना जो त्रास असतो, तो वीस वर्षांनी किस्सा होतो. मात्र सगळाच त्रास किस्सा होत नाही, आणि काय किस्सा झाले नाही हे पाहणे अभ्यासकाचे काम आहे.

वीस वर्षांनंतर सर्व हजर

वर्गाच्या भविष्यवाणीत एक गोष्ट ठरलेली असते. वीस वर्षांनंतरच्या त्या काल्पनिक दिवशी वर्गातील प्रत्येक जण जिवंत असतो. कोणी टकला झालेला असतो, कोणी तीन मुलांचा बाप, कोणी मंत्री, कोणी मंत्र्याच्या मोटारीचा चालक. पण गैरहजर कोणी नसतो. शांततेच्या काळात हा संकेत कोणाच्या ध्यानातही येत नाही. युद्धाच्या वर्षी तोच विनोदाचा खरा आशय होऊन बसतो. मृत्यूचा उल्लेख टाळून मुले त्याच्याविषयी बोलत असतात.

पुण्यातील एक उदाहरण द्यावेसे वाटते. सरदार दस्तूर शाळेतून अर्देशीर तारापोर १९४० मध्ये मॅट्रिक झाले. ते शाळेचे प्रमुख विद्यार्थी होते, अभ्यासात बेताचे आणि खेळांत पुढे. युरोपात तेव्हा युद्ध पेटलेले होते. १९४२ मध्ये ते हैदराबाद संस्थानाच्या सैन्यात अधिकारी झाले, संस्थान विलीन झाल्यावर पूना हॉर्स या रणगाडा पलटणीत आले आणि १६ सप्टेंबर १९६५ रोजी सियालकोट आघाडीवर धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. शाळा सोडल्यापासून हा काळ पंचवीस वर्षांचा होतो, म्हणजे भविष्यवाण्यांत जेवढी मुदत साधारणतः घालतात, जवळजवळ तेवढाच. त्यांच्या वर्गमित्रांपैकी जे १९६५ मध्ये पुण्यामुंबईत असतील, त्यांनी ती बातमी वाचताना शाळेच्या मैदानावरचा कप्तान आठवला असेल, एवढे म्हणण्यास पुराव्याची गरज नाही.

मराठी मुलखातील बहुसंख्य वर्गांचा युद्धाशी संबंध मात्र इतका थेट नव्हता. आपल्याकडे सक्तीची भरती कधीच नव्हती. येथे युद्ध शाळेत आले ते इतर दारांनी.

त्रेसष्ट, सहासष्ट आणि बहात्तर

१९६२ ते १९७१ या दशकात देशाने तीन युद्धे पाहिली, आणि योगायोग असा की तिन्ही वेळा ती शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर आली. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६२ मधील चीनचे आक्रमण, सप्टेंबर १९६५ मधील पाकिस्तानबरोबरचे युद्ध, डिसेंबर १९७१ मधील बांगलादेशाचे युद्ध : यांतील प्रत्येकाच्या पाठोपाठ मार्चमध्ये अकरावीच्या वर्गाला शालान्त परीक्षेस बसावे लागले. (दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ ची, त्यापूर्वी शाळेचा शेवट म्हणजे अकरावी.) म्हणजे मार्च १९६३, १९६६ आणि १९७२ हे आपले 'युद्धकालीन वर्ग' होत.

त्रेसष्टच्या वर्गाने यशवंतराव चव्हाणांना मुंबईहून दिल्लीस जाताना पाहिले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावल्याचे वाक्य निबंधांच्या वह्यांत तेव्हापासून जे शिरले, ते अजून निघालेले नाही. संरक्षण निधीसाठी वर्गण्या झाल्या, मुलींनी जवानांसाठी लोकरीचे विणकाम केले, गावच्या सार्वजनिक रेडिओभोवती बातम्यांच्या वेळी गर्दी जमू लागली. बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय त्याच वर्षी, म्हणजे १९६२ मध्ये, सुरू झाले होते. या परिसरातील मॅट्रिक झालेल्या मुलाला पुण्याची खोली आणि खाणावळ न परवडताही पदवीचे स्वप्न पाहता येईल, अशी सोय प्रथमच झाली. पण १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना राष्ट्रीय छात्रसेनेचे शिक्षण सक्तीचे करण्यात आल्यामुळे महाविद्यालयाची वाट कवायतीच्या मैदानावरून जाऊ लागली. त्यातच जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे दागिने घडविण्यास बंदी झाली. युद्ध नेफामध्ये झाले. त्याचा शेवटचा गोळा इंदापूरच्या सराफकट्ट्यावर येऊन पडला, असे म्हटले तर वावगे होऊ नये.

अशा सामग्रीतून चिठ्ठ्या कशा तयार होतात, हे कळण्यासाठी पुढील तीन नमुने दिले आहेत. ते कोणत्याही हस्तलिखितातून घेतलेले नाहीत. प्रकाराची घडण दाखविण्यासाठी प्रस्तुत लेखकाने रचले आहेत.

'तोंडी परीक्षेत ज्याचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोहोचला नाही, तो आमचा मित्र कवायतीत असा काही "सावधान" ओरडेल की चिनी मागे सरतील न सरतील, निमगावचा आठवडे बाजार मात्र उठेल.'

'वर्गभगिनींपैकी एकीच्या गळ्यात चौदा कॅरटचे मंगळसूत्र पडणार असे ग्रहमान आहे. नवरा तरी बावीस कॅरटचा निघो, अशी वर्गाची प्रार्थना.'

तिसरा नमुना १९७२ चा समजावा : 'भूमितीच्या तासाला जो ढाक्याच्या सेनापतीपेक्षाही लवकर शरण गेला, तो पुढे नीरा डाव्या कालव्यावर पाटकरी होईल; आणि मग भूमितीचे सर आपल्या उसाला पाळी मिळावी म्हणून त्याच्यापुढे शरणागतीच्या कागदावर सही करतील.'

तिन्ही नमुन्यांत युद्ध आहे, पण ते भाषेत आहे. शरणागती, आघाडी, माघार हे बातम्यांतून आलेले शब्द मुले वर्गातील जुन्याच भांडणांना लावतात. प्रत्यक्ष भीती किंवा आशा जेथे दडलेली असते, ते शब्द निराळे असतात : आठवडे बाजार, मंगळसूत्र, पाटकरी, पाळी. तिसरी चिठ्ठी घ्या. नीरा डावा कालवा ज्या तालुक्यांतून जातो, तेथे पाणी सोडणारा माणूस हा सेनापतीहून मोठा असतो, हे जाणणारे मूलच ती लिहू शकते. माझे म्हणणे असे की आपल्याकडील युद्धकालीन थट्टा ही युद्धाविषयीची थट्टा नसून युद्धाच्या शब्दांत केलेली घरचीच थट्टा असते.

सहासष्टच्या वर्गाविषयी थोडक्यात सांगता येईल. युद्ध जिंकल्याचा आनंद होता, सोमवारचे एक जेवण सोडण्याचे आवाहन होते, 'जय जवान, जय किसान' ही घोषणा भिंतींवर होती. आणि निरोप समारंभाच्या तोंडावर, ११ जानेवारी १९६६ रोजी, ताश्कंद येथे शास्त्रीजींचे निधन झाले. त्या वर्षी चिठ्ठ्यांचा डबा अनेक ठिकाणी निघालाच नसेल.

जे कोणाच्या चिठ्ठीत नव्हते

बहात्तरच्या वर्गापाशी थांबणे भाग आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात शरणागतीवर सही झाली. टपालावर निर्वासित साहाय्याचे पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. म्हणजे वर्गमित्राला पत्र पाठवितानादेखील त्या युद्धाचा वाटा भरावा लागे. फेब्रुवारी १९७२ मधील निरोप समारंभात विजयाचा उत्साह असणे स्वाभाविक होते. पुढे सारे चांगलेच होणार, अशीच ती हवा होती.

परंतु पाऊस आदल्या वर्षीच कमी झाला होता. १९७२ च्या पावसाळ्याने पुरतीच पाठ फिरविली आणि महाराष्ट्राने विसाव्या शतकातील अत्यंत भीषण असा दुष्काळ पाहिला. इंदापूर तालुका मुळातच पर्जन्यछायेतला. कालव्याच्या भिजणीखालील पट्टा आणि त्याबाहेरील माळरान यांत एका बांधाचे अंतर, पण दुष्काळात ते अंतर दोन देशांतल्यासारखे होते. निमगाव केतकीच्या पानमळ्यांची गोष्ट तर आणखी नाजूक. नागवेलीला रोज ओल लागते, सावली लागते, आणि वेल एकदा वाळली की पुन्हा उभी करण्यास वर्षे जातात. ज्या घरातील मुलगा 'पुढे साहेब होईल' अशी चिठ्ठी हातात घेऊन घरी आला, त्या घराला जून उजाडेपर्यंत साहेबीपेक्षा विहिरीच्या तळाची चिंता अधिक असावी.

दुष्काळी कामे निघाली : खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. रोजगार हमी योजनेची सुरुवात याच काळातली. तिचा कायदा १९७७ चा. कामांवर सुकडी वाटली जाई, स्वस्त धान्य दुकानांतून लाल मिलो मिळे. आणि या कामांवर हजेरीपट, म्हणजे लोकांच्या तोंडचे 'मस्टर', लिहिण्यासाठी अक्षर येणारी माणसे हवी असत. अकरावी पास किंवा नापास झालेल्या मुलांना गावातच मिळालेले हे एक काम होते. शाळेत ज्याच्या हजेरीची थट्टा झाली, तो इतरांची हजेरी मांडू लागला. आणि त्या यादीत कधी त्याच्याच घरातील माणसे, त्याचेच न शिकलेले बालमित्र असत. अंगठ्याचे ठसे घेताना त्याच्या मनात काय येत असेल, हे कोणत्याही चिठ्ठीत नाही. ही घटना पुढे किस्सा झाली का? माझ्या समजुतीप्रमाणे झाली नाही. युद्धाच्या आठवणी निघाल्या की मंडळी खुलतात, रेडिओ, काळे कागद लावलेल्या खिडक्या, याह्याखानाचे सोंग यांत रमतात. दुष्काळाचा विषय निघाला की आवाज खाली येतो.

भेंडवळच्या घटाचा उल्लेख वर केला तो याचसाठी. तेथे शत्रू आणि पाऊस एकाच मांडणीत असतात. शाळेच्या चिठ्ठ्यांत मात्र मुलांनी शत्रू पाहिला आणि पाऊस पाहिला नाही. त्यात त्यांचा दोष काय? शेतकऱ्याच्या मुलाला पावसाची थट्टा सुचत नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

उजनी धरणाविषयीही असेच म्हणता येईल. १९६० च्या दशकात हाती घेतलेले हे काम १९८० मध्ये पुरे झाले आणि तालुक्याच्या भीमाकाठची पळसदेवसारखी गावे पाण्याखाली गेली. पाणी ओसरते तेव्हा पळसदेवचे जुने मंदिर अजूनही वर येते. 'वीस वर्षांनंतर आमचा मित्र गावाबाहेर बंगला बांधील' असे लिहिणाऱ्या मुलाने 'वीस वर्षांनंतर गावच राहणार नाही' असे लिहिणे शक्य नव्हते.

थट्टेचे काटे

आतापर्यंतच्या विवेचनावरून ही प्रथा निव्वळ गोड आहे, असा समज होऊ नये. शेलापागोट्यांनी दुखावलेली माणसे आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. रंग, उंची, बोबडेपणा, वडिलांचा धंदा आणि सगळ्यांत लागट म्हणजे जात, यांवरचे शेरे निनावी चिठ्ठीच्या आडून फेकले जात. म्हणूनच अनेक शाळांतून चिठ्ठ्या आधी वर्गशिक्षकांकडून तपासून घेण्याचा प्रघात पडला. तपासणारा शिक्षक मात्र स्वतःवरची चिठ्ठी काढून टाकतो आणि मुलांवरची राहू देतो, असाही अनुभव आहे.

युद्धाच्या वर्षी या काट्यांना धार येते. बारीक डोळ्यांच्या मुलाला १९६२ मध्ये 'चिनी' म्हणणे, हे एक वेळ हसण्यावारी जाईल. परंतु १९६५ किंवा १९७१ मध्ये वर्गातील तांबोळ्याच्या, बागवानाच्या किंवा शेखाच्या मुलाला 'तुझे लोक हरले' असे म्हटले गेले, तर ती थट्टा उरत नाही. निमगाव केतकीसारख्या पानांच्या गावात तांबोळ्याचे घर हे बाजारपेठेचे अंगच असते. मळेकरी आणि तांबोळी यांचा व्यवहार पिढ्यांचा. अशा मुलाला परक्या देशात ढकलणारी एक ओळ लिहिण्यास लेखणीला क्षण पुरतो, आणि ती ओळ तो साठ वर्षे विसरत नाही. विनोदाने भविष्य वर्तविताना 'हा आपल्यातला आहे' हे गृहीत धरलेले असते. ज्याच्याविषयी ते गृहीत धरले जात नाही, त्याला भविष्यच नाकारलेले असते. निरोप समारंभाची आखणी करणाऱ्या आपणा शिक्षकांना याचे भान ठेवावे लागते, कारण चिठ्ठी निनावी असली तरी सभागृह आपल्या ताब्यातले असते.

मुलींच्या वाट्याला आलेल्या भाकितांचे दारिद्र्य हा वेगळा मुद्दा. त्या काळातील ग्रामीण अकरावीत मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असत, आणि त्यांच्यासाठी भविष्याचे साचे त्याहून कमी असत : सासर, सासू, स्वयंपाक, फार तर नर्स किंवा मास्तरीण. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि गावोगावी स्त्रिया सरपंचाच्या खुर्चीवर बसल्या. तेव्हा ज्या बायका चाळिशी-पन्नाशीत होत्या, त्या या युद्धकालीन वर्गांच्याच वयाच्या. 'ही पुढे ग्रामसभा चालवील' अशी चिठ्ठी १९७२ मध्ये कोणी लिहिली असती, तर ती थट्टेच्या डब्यातच पडली असती, आणि भविष्य म्हणून तीच खरी ठरली असती.

कपाटातील हस्तलिखिते

हे सारे साहित्य जपले गेले असते तर प्रस्तुत लेख निराळा झाला असता. साने गुरुजींनी अमळनेरच्या छात्रालयात हस्तलिखित दैनिक चालविले, तेव्हापासून मराठी शाळांत हस्तलिखितांची परंपरा रुजली. वर्षाचे एक हस्तलिखित, त्यावर चित्रकलेच्या शिक्षकांनी रंगविलेले मुखपृष्ठ, आत सुविचार, कविता, विनोद, सहलीचे वर्णन आणि शेवटी निरोपाचे पान, असा त्याचा थाट असे. एकच प्रत असल्यामुळे ती शाळेच्या कपाटात राही. आणि कपाटे हलतात. प्रस्तुत लेखकाने एका शाळेत अशा हस्तलिखितांची चौकशी केली असता, इमारत बदलताना 'जुने कागद' रद्दीत दिल्याचे उत्तर मिळाले. उत्तर देणाऱ्याच्या आवाजात खंत नव्हती, उलट कपाट रिकामे झाल्याचे समाधान होते. त्याला दोष देता येत नाही. निकालपत्रके आणि दाखल्यांची नोंदवही जपण्याची सक्ती आहे, थट्टा जपण्याची नाही.

तथापि एक साधन अजून हाती आहे. १९६३ चा विद्यार्थी आज ऐंशीच्या घरात आहे, १९७२ चा सत्तरीच्या आसपास. त्यांच्या पेट्यांत स्वाक्षरी-वह्या असू शकतात. रंगीत पानांच्या त्या छोट्या वह्यांत मित्रांनी लिहिलेल्या ओळी, काढलेली कमळे आणि केलेली भाकिते असतात. महाविद्यालयांच्या इतिहास, मराठी आणि समाजशास्त्र विभागांनी आपल्या विद्यार्थ्यांना आजोबा-आजींकडे पाठवून या वह्यांची छायाचित्रे घेण्याचा आणि मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचा प्रकल्प दिला, तर एका सत्रात बरेच जमेल. प्रश्न फार नकोत. चिठ्ठीत काय लिहिले होते, कोणी लिहिले असेल असे वाटते, तेव्हा हसू आले का, आणि जे घडले ते कोणी का लिहिले नाही, एवढे चार पुरेत. घरच्या व्यक्तींची नावे प्रसिद्धीत गाळावीत. विशेषतः ज्यांची थट्टा झाली त्यांची.

अलीकडे माजी विद्यार्थ्यांचे मेळावे वाढले आहेत. भ्रमणध्वनीवरील गटांतून पन्नास-पन्नास वर्षांनी वर्ग एकत्र येतो, घंटा वाजवून प्रार्थना म्हटली जाते, हयात असलेल्या एखाद्या गुरुजींना खुर्चीवर बसवून जुन्या क्रमाने हजेरी घेतली जाते. नावे पुकारली जातात आणि सत्तरीची माणसे 'हजर' म्हणून उभी राहतात. मध्ये एखाद्या नावाला उत्तर येत नाही. शाळेत असताना गैरहजर मित्राची हजेरी दुसऱ्याने लावणे हा छडी खाण्याजोगा गुन्हा होता. मेळाव्यात मागच्या बाकावरून कोणी तरी त्या नावालाही 'हजर' म्हणते. गुरुजी मान वर न करता पुढचे नाव घेतात.